साक्ष क्रमांक अकरा

१

आजरा तालुक्यातल्या त्या गावात दूध डेअरीच्या भिंतीला एक काळा फळा आहे. शनिवारी सकाळी दूध घालायला आलेल्या लोकांना त्या फळ्यावर दोन छापील कागद चिकटवलेले दिसले. वर कुणाचं नाव नव्हतं, गावही नव्हतं. नुसतं ‘साक्ष क्रमांक अकरा’ एवढंच. पण खाली एक बाई सांगत होती, की काजूच्या टरफलाच्या तेलानं तिच्या डाव्या हाताची दोन बोटं जळून एकमेकांना चिकटली. तशी बोटं गावात एकाच बाईची होती.

दुपारपर्यंत बाळाबाईच्या नवऱ्यानं तिचं गाठोडं उंबऱ्याबाहेर टाकलं. संध्याकाळपासून बाळाबाई कुणालाच दिसली नाही.

सोमवारी हे सगळं फोटोंच्या रूपानं कोल्हापुरात पोचलं, विद्यापीठाच्या स्त्री व लिंगभाव अभ्यास विभागात. बाहेर आठ दिवसांत ऊन पडलं नव्हतं. भिंतींना ओल आली होती आणि कपाटांतल्या कागदांना कुबट वास येत होता. कालिंदी शिंत्रे यांनी चष्मा कपाळावर सरकवला, मोबाइल डोळ्यांजवळ नेला. विभागाचं दप्तर सव्वीस वर्षं त्यांच्या हाती होतं. काजूच्या कारखान्यांत राबणाऱ्या तेवीस बायकांच्या साक्षी त्यांच्याच कपाटात कुलपात होत्या. प्रत्येक बाईला विभागानं शब्द दिला होता, तुमचं नाव बाहेर जाणार नाही.

विभागप्रमुख डॉ. पद्मजा सरनोबत यांनी सगळ्यांना खोलीत बोलावलं. चारच माणसं आली. ही मुलाखत घेणाऱ्या डॉ. अंतरा हुद्दार, प्रा. धैर्यशील बांबवडेकर, ती मुलाखत कागदावर उतरवणारी संशोधन साहाय्यक स्वप्नाली आणि कारकून बाळासो देसाई. कालिंदीबाई दाराशी उभ्या राहिल्या.

“पोलिसांत जाण्याआधी आपण आपलं घर तपासू,” पद्मजाताई म्हणाल्या. त्यांचा आवाज एरवी सभागृहाच्या शेवटच्या रांगेपर्यंत जायचा, आज तो टेबलाच्या कडेलाच अडकत होता. “कालिंदी, तू बघ. तू कुणाच्या अध्यात ना मध्यात. आणि तू माझी आहेस.”

कालिंदीबाईंनी मान हलवली. तिशीही ओलांडली नव्हती तेव्हा, नवरा वारल्यावर, याच बाईनं त्यांना या खोलीत आणून बसवलं होतं.

त्या तडक कपाटाकडे गेल्या. कुलूप जिथल्या तिथं होतं. अकरा नंबरची फाइल होती. तिची पानंही पूर्ण होती. त्यांनी मोबाइलवरचा फोटो आणि फाइलमधलं पान शेजारी शेजारी धरलं आणि ओळीनं वाचत गेल्या. दुसऱ्या पानावर त्यांचं बोट थबकलं.

फाइलमध्ये लिहिलं होतं: ‘धाकटा भाऊ आला. मला गाडीवर बसवून घेऊन गेला. त्याच्या खोलीवर दोन दिवस राहिलो.’

फळ्यावरच्या कागदावर होतं: ‘शंकर आला.’

२

कुणीतरी भाऊ काढून परका पुरुष घातला होता. नवऱ्यानं बाईला हाकललं ते कारखान्यातल्या मुकादमाच्या त्रासाबद्दल ती बोलली म्हणून नाही, या एका ओळीमुळे. कारखान्यात कच्चा माल आणणाऱ्या टेम्पोचा चालक शंकर याच नावाचा आहे, असं स्वप्नालीनं सांगितलं. हे नुसतं फोडणं नव्हतं. कुणीतरी बेत करून बाईला आयुष्यातून उठवलं होतं.

स्वप्नालीचे डोळे सुजले होते. “मी कच्ची प्रत टाइप केली आणि त्याच दिवशी चौघांना पाठवली,” ती म्हणाली. “पद्मजा मॅडम, अंतरा मॅडम, धैर्यशील सर, आणि छापायला बाळासोदादा. त्या प्रतीत खरी नावं होती. मग आठवड्यानं मी नावं बदलून पक्की प्रत केली. ती फक्त तुमच्या कपाटात आहे.”

म्हणजे कागद कच्च्या प्रतीवरून निघाला होता आणि ती प्रत चौघांकडे होती. स्वप्नाली धरून पाच.

धैर्यशील सरांशी बोलणं सोपं गेलं नाही. शाहूवाडीच्या डोंगरातून आलेला हा माणूस विभागात एकटाच पुरुष, आणि आपल्याकडे सगळे संशयानं बघतात हे त्याला पाठ झालेलं.

“मीच ना पहिला?” ते म्हणाले. “गेल्या महिन्यात हंबीररावांच्या सत्काराला मी गेलो होतो, हेही तुम्हाला कळलं असेल.”

हंबीरराव म्हणजे ज्यांच्या कारखान्यात बाळाबाई कामाला होती ते. विद्यापीठाच्या एका मोठ्या मंडळावर ते सदस्य होते. आपला विभाग समाजशास्त्रात विलीन करायचा प्रस्ताव त्याच मंडळापुढे पडून होता.

“कळलं नव्हतं. आता कळलं,” कालिंदीबाई म्हणाल्या.

“मालकांचीही बाजू नोंदवा असं मी बैठकीत म्हणालो होतो. तेवढ्यावरून मी बाईचा संसार मोडीन?” त्यांनी खिडकीकडे तोंड फिरवलं. “माझी आई भातलावणीला दुसऱ्याच्या बांधावर जायची, कालिंदीबाई. मुकादम मला पुस्तकातून कळलेला नाही.”

बोलणं खरं वाटत होतं. पण खरं वाटणारं बोलणारी माणसं कालिंदीबाईंनी पुष्कळ पाहिली होती.

बाळासो मात्र उसळलाच. “आता माझ्यावर आला व्हय? मी तिकडचा, मालक तिकडचा, म्हंजे झालंच की!” त्याचा आवाज व्हरांड्याच्या टोकापर्यंत गेला. “माझी चुलती त्याच कारखान्यात हाय. तिची साक्ष सात नंबरला हाय. मी कागद फोडला तर उद्या तिचाबी फोडतील, एवढी अक्कल हाय मला.”

टेबलावरचा त्याचा फोन थरथरला. पडद्यावर नाव उमटलं, ‘तम्मा’. बाळासोनं फोन झटकन पालथा घातला.

कालिंदीबाईंनी ते पाहिलं, पण त्या वेळी मनावर घेतलं नाही.

संध्याकाळी सगळे गेल्यावर त्यांनी मूळ ध्वनिमुद्रण लावलं. कागद कुणीही बदलू शकतो, आवाज कसा बदलणार? कानाला लावलेल्या यंत्रातून बाळाबाई बोलू लागली. थकलेला, जरासा घोगरा आवाज. मागे कुठंतरी कोंबडी कलकलत होती.

“मुकादम म्हनला, तू थांब, बाकीच्या जावा. माझ्या अंगात ताप. मी परसाकडला म्हनून भाईर आलो आनि फोन लावला. तम्मा आला. मला गाडीवर बसवून घिऊन गेला. त्याच्या खोलीवर दोन दिस ऱ्हायलो.”

कालिंदीबाईंनी मागे नेऊन पुन्हा ऐकलं. भाऊ नाही, शंकर नाही. बाई तिसरंच नाव घेत होती, आणि ते नाव त्यांनी चार तासांपूर्वी बाळासोच्या फोनवर वाचलं होतं.

३

मंगळवारी बाळासो आल्या आल्या त्यांनी त्याला गाठलं. “तम्मा कोण?”

“आँ?”

“काल तुम्हाला फोन आला तो. आणि बाळाबाईला कारखान्यातून घेऊन गेला तो. तम्मा कोण, बाळासो?”

बाळासो त्यांच्याकडे बघतच राहिला. मग त्याचा राग हळूहळू उतरला आणि चेहऱ्यावर वेगळंच काही आलं, कीव म्हणावी असं.

“बाई, तुमी मंगळवार पेठेतल्या. तम्मा म्हंजे धाकला भाव. कानडी शब्द हाय. आमच्या अंगाला सगळी तसंच म्हनत्यात. माझा भाव गडहिंग्लजला असतोय, त्याचा फोन आलता. नाव न्हाय ते, नातं हाय.”

कालिंदीबाई खुर्चीत बसल्या. नाव नाही, नातं. आपल्यालाही ते नावच वाटलं होतं. आपल्याला वाटलं, तसं आणखी कुणाला वाटलं असेल?

कालपासून त्या एका दुष्ट माणसाला शोधत होत्या, भाऊ खोडून यार लिहिणाऱ्याला. असा कुणी नव्हताच. कच्च्या प्रतीत भाऊ शब्द नव्हताच मुळी, तिथं ‘तम्मा’ होतं. कुणीतरी ते पुरुषाचं नाव समजलं आणि नियमाप्रमाणे नाव बदललं. तम्माचा शंकर केला. कागद फोडणाऱ्यानं बाईला लपवायचाच प्रयत्न केला होता. त्या लपवण्यानंच तिचा घात झाला.

म्हणजे आता प्रश्न एकच उरला. तम्मा म्हणजे काय, हे या माणसांपैकी कुणाला ठाऊक नव्हतं?

बाळासो सुटला. स्वप्नालीनं पक्क्या प्रतीत स्वतः ‘धाकटा भाऊ’ लिहिलं होतं, तीही सुटली. राहिले तिघे.

अंतरा ग्रंथालयाच्या पायरीवर भेटली. दोन दिवसांत ती पार ओढल्यासारखी दिसत होती. “भाऊच,” ती म्हणाली. “मुलाखत संपल्यावर तोच न्यायला आला होता. आकाराम. कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत कामाला आहे, तिथंच खोली घेऊन राहतो.” मग तिनं कालिंदीबाईंचा हात घट्ट धरला. “ताई, ती तिथंच गेली असेल का?”

आकारामचा नंबर कुणाकडे नव्हता. कालिंदीबाईंनी छत्री उचलली आणि अंतराला बरोबर घेतलं.

४

कारखान्यांच्या मागे पत्र्याच्या खोल्यांची रांग होती. दोन ठिकाणी विचारल्यावर तिसऱ्या दारात तिशीतला एक तरुण कंपनीचा निळा शर्ट घालून उभा दिसला. अंतराला बघताच त्यानं दार ओढून घेतलं.

“आता काय ऱ्हायलंय, मॅडम?”

“ती आहे का आत? एवढंच सांगा.”

त्यानं दारावरचा हात काढला. “हाय,” मग म्हणाला. “शनवारी आंबोलीच्या रस्त्याला चालत निघालती. कुठं चाललीस म्हनून इचारलं तर सांगंना. वळखीचा ट्रकवाला हुता म्हनून मला फोन आला.”

आंबोलीच्या दरीचं नाव कुणी घेतलं नाही.

बाळाबाई भिंतीला टेकून बसली होती. चाळिशीची असेल, दिसत होती पन्नाशीची. डावा हात पदराखाली होता. अंतरा तिच्याजवळ खाली बसली.

“मी दाजींना सांगितलं,” आकाराम म्हणाला, “माझ्याकडंच हुती ती, दोन दिस तापानं फणफणत हुती. तर म्हनाले, भनीला झाकतोयस. कागदावर छापलंय शंकर, तुझं कसं खरं मानू?”

“तुमचा मानूस न्हाय आला फळ्यावर चिकटवायला,” बाळाबाई पहिल्यांदाच बोलली. “मुकादमाच्या पोरानं चिकटवलं. डेअरीवाल्यानं बघितलंय. पर मुकादमाला कागद गावला कुठं? त्यो तुमच्यातनंच आला की. बोटं माझीच छापली आनि भाव तेवढा माझा ठेवला न्हाय. पोरगी धा वर्साची हाय माझी. ती म्हनली, आये, शंकर कोन?”

परत येताना बसमध्ये दोघी शेजारी बसल्या. काचेवरून पाणी ओघळत होतं. कागलचा नाका गेल्यावर अंतरा एवढंच म्हणाली, “धैर्यशील सरांना तम्मा माहीत असणं शक्य नाही. शाहूवाडीकडे हा शब्द नाही.”

कालिंदीबाईंनी आधीच तो हिशेब मांडला होता. शाहूवाडीचा माणूस, हंबीररावांच्या सत्काराला गेलेला. सगळं जुळत होतं. त्यांनी बसमधूनच स्वप्नालीला फोन लावला आणि विचारलं, “तू पक्क्या प्रतीत तम्मा काढून धाकटा भाऊ का लिहिलंस? तुला तर शब्द कळत होता.”

“मला कळत होता, ताई. पण कच्ची प्रत पाठवली त्याच दुपारी धैर्यशील सरांचा फोन आला. म्हणाले, तम्मा म्हणजे कोण, मला कळलं नाही. मी सांगितलं. तर म्हणाले, मला कळलं नाही तर वाचणाऱ्यालाही कळणार नाही, भाऊ असं स्पष्ट लिही, उगीच बाईवर बालंट यायचं.”

फोन कानालाच राहिला. कालिंदीबाईंच्या मनात आता एकच नाव शिल्लक होतं आणि ते नाव घ्यायला त्यांचं मन तयार नव्हतं.

५

बुधवारी सकाळी पद्मजाताईंच्या खोलीत दिवा लावावा लागला इतकं अंधारून आलं होतं.

“कळलं काही?” त्यांनी विचारलं.

“बाई जिवंत आहे. भावाकडे आहे.”

पद्मजाताईंनी डोळे मिटून घेतले. खांदे एकदम खाली आले. त्यांना खरंच सुटल्यासारखं वाटलं होतं, ते खोटं नव्हतं. कालिंदीबाईंना त्याचाच जास्त त्रास झाला.

“ताई, एकच विचारते. सगळ्यांना विचारलं तेच. त्या संध्याकाळी ती कारखान्यातून कुणाबरोबर गेली?”

“कुणाबरोबर का जाईना,” पद्मजाताई म्हणाल्या. “तिच्या आयुष्यात कोण पुरुष आहे हा तिचा प्रश्न. आपण कोण न्याय करणारे? म्हणून तर मी ते वाक्य काढलं नाही.”

कालिंदीबाईंनी दार लोटून घेतलं.

“काढलं नाही म्हणजे?” कालिंदीबाईंनी हलकेच विचारलं. “वाक्यं काढायचं, ठेवायचं काम तर स्वप्नालीचं होतं. तुम्ही कुठली प्रत हातात घेऊन बसला होतात, ताई?”

पद्मजाताई टेबलावरचे कागद सारखे करू लागल्या.

“तम्मा म्हणजे धाकटा भाऊ. बाळासोला ठाऊक होतं. स्वप्नालीला होतं. अंतरानं तर त्याला डोळ्यांनी पाहिलं. धैर्यशील सरांना ठाऊक नव्हतं, पण त्यांनी विचारलं. ज्याला ठाऊक नव्हतं आणि ज्यानं विचारलंही नाही, असं एकच माणूस राहतं.”

“भाऊ?” पद्मजाताई पुटपुटल्या. “तो भाऊ होता?”

त्यांचा चेहरा बघवत नव्हता. फोटो त्यांनीही पाहिले होते, पण शंकर या नावात त्यांना चुकीचं काही दिसलंच नव्हतं. ते त्यांनीच दिलेलं होतं.

मग त्या बोलल्या, सरळ, काहीही न लपवता. हंबीरराव महिन्यापूर्वी घरी आले होते. चहा घेतला, अदबीनं बोलले. विभाग वाचावा असं मलाही वाटतं म्हणाले. फक्त माझ्या कारखान्याची बदनामी होत नाही ना, एखादा नमुना बघू द्या, मग मंडळात मी तुमच्या बाजूनं उभा राहतो. पद्मजाताईंनी टेबलाशी बसून स्वतःच्या हातानं नावं बदलली होती. गावाचं नाव काढलं. मुकादमाचं बदललं. तम्माचं शंकर केलं. दहा मिनिटांचं काम.

“बोटं राहिली,” कालिंदीबाई म्हणाल्या.

“बोटं मी ठेवली. ती खोडली असती तर साक्षीत उरलं काय असतं? मला वाटलं, ते वाचून त्याला निदान लाज वाटेल.” त्या हसल्यासारखं करून थांबल्या. “तीस वर्षं लागली हा विभाग उभा करायला, कालिंदी. दारावरची पाटी गेली की अशा बायकांनी जायचं कुठं, हाच विचार होता डोक्यात.”

“मग मला का सांगितलंत शोधायला?”

“दुसऱ्या कुणाला सांगितलं असतं तर त्यानं शोधलं असतं.”

सव्वीस वर्षांत त्यांना कुणी इतकं दुखावलं नव्हतं. त्यांनी टेबलावर कोरा कागद ठेवला, पेन उघडून शेजारी ठेवलं आणि म्हणाल्या, “तुम्ही लिहा. नाही लिहिलंत तर मी लिहीन.”

पद्मजाताईंनी पेन उचललं. अक्षर मात्र त्यांचं वाटत नव्हतं.

६

समिती बसली. तिच्या अहवालात ‘गोपनीयतेबाबत अनवधान’ असे शब्द आले. पद्मजाताईंनी मुदतीआधी निवृत्ती घेतली. निरोप समारंभ नको म्हणाल्या आणि कुणी आग्रहही केला नाही. जाण्याआधी त्या बाळाबाईच्या नवऱ्याकडे जाऊन आल्या, भाऊ होता हे सांगायला. त्यानं अंगणातच ऐकून घेतलं आणि आत निघून गेला. हंबीररावांनी मात्र दिलेला शब्द पाळला. विलीनीकरणाचा प्रस्ताव मागे पडला आणि विभाग राहिला.

अंतरानं तेवीसही बायकांना घरी जाऊन खरं काय घडलं ते सांगितलं. सांगू नका असं तिला वरून सुचवलं होतं, तरी सांगितलं. एकोणीस जणींनी आपलं बोलणं परत मागितलं. बाळासोच्या चुलतीनं सगळ्यात आधी.

बाळाबाई आकारामबरोबर एका शुक्रवारी आली. कालिंदीबाईंनी तिला खुर्ची दिली, ती जमिनीवर बसली. मग आग्रह केल्यावर वर बसली.

“पुसायच्या आधी एकदा ऐकवा,” ती म्हणाली.

तिनं सगळं ऐकलं, पाऊण तास. मध्ये कोंबडी कलकलली तेव्हा मान वर केली, मुकादमाचं आलं तेव्हा डाव्या हाताची बोटं उजव्या मुठीत धरली. ‘तम्मा आला’ म्हणाली तिथं आकाराम उठून व्हरांड्यात गेला.

“ब्येस बोललो की मी,” शेवटी ती म्हणाली. “आता पुसा.”

“बाळाबाई, सांगायला हवं म्हणून सांगते. हे पुसलं तर मुकादमाविरुद्ध आमच्याकडे काही उरणार नाही.”

“तोंड हाय की माझं. सांगायचं तवा मी सांगीन, सांगायचं त्याला सांगीन. पर तुमच्या कपाटात न्हाय ठेवायचं.”

कालिंदीबाईंनी पुसलं. पडद्यावरची ओळ नाहीशी झाली.

“ग्येलं?”

“गेलं.”

बाळाबाईनं पदर सारखा केला. उद्या शनिवार होता, सकाळची शाळा. बापाकडे राहिलेली मुलगी सुटायच्या वेळेला ती दर शनिवारी शाळेच्या फाटकापाशी जाऊन उभी राहायची. मुलगी अजून तिच्याशी बोलत नव्हती. मागच्या शनिवारी तिनं एकदा वळून बघितलं होतं, हे बाळाबाईनं दारातून जाता जाता सांगितलं, आणि मग ती भावाच्या मागे जिना उतरून गेली.

कालिंदीबाईंनी यंत्र बंद केलं नाही. बारा नंबरची बाई दुपारी दोनला यायची होती.